फुंकणीचा धडा

माळेगावच्या जत्रेत लोखंडी सामानाच्या पालापुढे उभं राहिलं की विळे, खुरपी, तवे, चिमटे यांच्या गर्दीत एक साधी नळी पडलेली दिसते. फुंकणी. हातभर लांब, दोन्ही तोंडांनी उघडी, ना तिला कळ ना खिट्टी. लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या या जत्रेत घोडे, उंट, गाढवं बघायला लोक लांबून येतात, तिथं फुंकणीकडे कोण वळून बघणार! मला मात्र त्या नळीचं भारी नवल वाटतं. चुलीपुढे बसून जिच्यातून फुंकता फुंकता आपल्या आज्या-पणज्यांच्या छातीत धूर साठत गेला, तिनंच त्यांना ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. आणि आज त्याच धुरानं जखडलेल्या छातीला डॉक्टर पहिला व्यायाम सांगतात तो नेमका हाच.

आधी धुराचं बघू. आपल्याकडे चुलीत जातं काय? तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात अर्धवट ओलं सरपण. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, हा बिडी-सिगारेटवाल्यांचाच असं वैद्यकाला पुष्कळ वर्षं वाटत होतं. मग आयुष्यात बिडीला हात न लावलेली म्हातारी पाच पावलांत का धापते? 2009 साली पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. त्यात त्यांनी मांडलेला हिशेब असा: जगात तंबाखू ओढणारे सुमारे 101 कोटी, तर लाकूड, शेण, काडीकचरा यांच्या धुरात राहणारे सुमारे 300 कोटी. चुलीपुढची बाई या आजाराच्या हिशेबात ठळकपणे आली.

आता छातीच्या आत जाऊ. श्वासनलिकेला फांद्या फुटत जातात, फांद्यांना डहाळ्या, आणि शेवटी द्राक्षाच्या घडासारखे हवेचे इवलेसे फुगे लागतात. असे फुगे दोन्ही फुप्फुसांत मिळून चाळीस-पन्नास कोटींच्या घरात. ते सगळे उलगडून जमिनीवर पसरले तर जवळजवळ बॅडमिंटनचं मैदान झाकलं जाईल. एवढं मैदान घडी करून बरगड्यांच्या पिंजऱ्यात ठेवलेलं आहे आणि आपण दिवसातून वीसेक हजार वेळा त्यात हवा खेळवतो, बहुतेकदा झोपेत किंवा दुसऱ्याच विचारात.

हवा बाहेर जाताना बारीक नलिका मिटत का नाहीत? त्यांना तर आधाराला कूर्चाही नसते. उत्तर जत्रेच्या पालात आहे. पालाचं कापड चहूबाजूंच्या दोऱ्यांनी ताणलेलं असतं, म्हणून आतली जागा मोकळी राहते. तशाच या नलिका भोवतीच्या लवचिक धाग्यांनी ताणून धरलेल्या असतात. वर्षानुवर्षांच्या धुरानं हे धागे झिजतात, तुटतात. श्वास सोडायला छाती दाबली गेली की दोऱ्या सुटलेल्या पालासारखी नलिका बसते आणि तिच्यामागची हवा आतच कोंडते. पुढचा श्वास त्या कोंडलेल्या हवेवर येऊन बसतो, त्यावर तिसरा.

हे कसं वाटतं ते आत्ता बसल्या जागी कळेल. छातीचा आजार नसेल तर छाती पूर्ण भरून घ्या. आता हवा पूर्ण न सोडता, त्या भरलेल्या छातीच्या वरच्या वर चार-पाच लहान श्वास घेऊन बघा. जीव कासावीस झाला ना? छातीत हवा काठोकाठ आहे, तरी हवा मिळत नाही असं वाटतं. सीओपीडीच्या रोग्याचा दम असाच असतो. आपण मात्र त्याला वारा घालत म्हणतो, “मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या.” आधीच तुडुंब भरलेल्या रांजणात अजून पाणी ओतायला सांगण्यातला हा प्रकार.

म्हणून व्यायाम सुरू होतो तो श्वास सोडण्यापासून. नाकानं हळू श्वास घ्यायचा, मनात एक-दोन मोजत. मग फुंकणीला लावावेत तसे ओठ करून सावकाश सोडायचा, एक-दोन-तीन-चार मोजत. जोर लावायचा नाही, विस्तव फुलवायचा नाही, गरम चहावर फुंकर घालतो तितकंच. ओठ अरुंद झाले की बाहेर जाणारी हवा तिथं थोडी अडते आणि तिचा दाब मागे नलिकांपर्यंत पोचतो. तुटलेल्या दोऱ्यांचं काम हा आतला दाब करतो, पाल बसू देत नाही, आणि कोंडलेली हवा निघून जाते. ना औषध, ना यंत्र, नुसत्या दोन ओठांनी!

सावकाशीचा फायदा आकड्यांत मांडला की आणखी मजा येते. आपल्या साध्या श्वासात सुमारे 500 मिलीलिटर हवा असते. त्यातली 150 च्या आसपास नाक, घसा, नलिका यांतच राहते, फुग्यांपर्यंत पोचत नाही. याला वाटखर्च म्हणू. मिनिटाला असे 15 श्वास घेतले तर एकूण हवा साडेसात लिटर, त्यातली कामाची सव्वापाच. दम लागलेला माणूस मिनिटाला 250 मिलीलिटरचे 30 श्वास घेतो असं धरा. एकूण हवा तेवढीच, साडेसात लिटर, पण वाटखर्च दुप्पट, आणि हाती उरते फक्त तीन लिटर. मेहनत वाढली, मिळकत घटली.

आता यंत्रांकडे वळू, कारण दुकानात ती सगळी सारखीच प्लॅस्टिकची दिसतात आणि कामं मात्र उलटसुलट करतात. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेलं तीन गोळ्यांचं यंत्र आठवा. त्याच्या कप्प्यांवर 600, 900, 1200 असे आकडे असतात. सेकंदाला तितके मिलीलिटर हवा ओढली की तो गोळा वर उचलला जातो. ते श्वास आत घेण्याचं यंत्र आहे, आणि कित्येकांनी त्यात फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. मुळात ते आहे शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्याचं फुप्फुस मिटू नये म्हणून. सीओपीडीत त्याचा उपयोग होतो याला फारसा पुरावा नाही.

दुसरं यंत्र म्हणजे श्वासाच्या स्नायूंची तालीम. त्यात स्प्रिंगची झडप असते. ठरावीक जोर लावून हवा ओढल्याशिवाय ती उघडतच नाही. स्प्रिंग जितकी घट्ट, तितका जोर जास्त. आखाड्यात मुद्गल वाढवत न्यावेत तसा हा भार वाढवतात. तालीम होते ती मुख्यतः छाती आणि पोटामधल्या पडद्याची. हा पडदा घुमटासारखा असतो, तो खाली उतरला की श्वास आत येतो. सीओपीडीत कोंडलेल्या हवेनं तो दबून सपाट होतो आणि त्याची ताकद घटते.

तिसरं यंत्र बघून तर हसू येतं. स्वित्झर्लंडचं ‘फ्लटर’ हुबेहूब बुटक्या चिलमीसारखं दिसतं! चिलमीच्या वाटीत विस्तवाच्या जागी पोलादी गोळी. फुंकलं की गोळी उचलते, पडते, पुन्हा उचलते, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. ती थरथर छातीत उतरते आणि नलिकांना चिकटलेला कफ सुटतो. हेच काम स्वस्तात करायचं तर बाटलीत पाणी भरून त्यात नळी सोडतात आणि बुडबुडे काढतात. नळीचं टोक 10 सेंटीमीटर पाण्याखाली असेल तर फुंकणाऱ्याला 10 सेंटीमीटर पाण्याइतका दाब पेलावा लागतो. हिशेब इतका सरळ! पाणी रोज बदलायचं, नळी-बाटली स्वच्छ ठेवायची आणि खोली किती ते फिजिओथेरपिस्टला विचारायचं.

आपल्या मातीत श्वास यंत्रावर मोजायला सुरुवात झाली तीही सांगायला हवी. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात काय घडतं ते त्यांनी दाबमापक लावून आणि क्ष-किरणांखाली तपासलं. प्राणायामाला नमस्कार करून थांबायचं नाही, तो मोजायचा, ही त्यांची दृष्टी. तीच लावली तर एक गोष्ट उघड होते: भस्त्रिका, कपालभातीसारख्या जलद क्रियांत हवा बाहेर पडायला वेळ कमी मिळतो, म्हणून दमेकऱ्यानं त्या टीव्हीवर बघून करू नयेत.

आणि खरं बोलायचं तर, यातल्या कशानंही तुटलेल्या दोऱ्या परत जुळत नाहीत. दम कमी लागतो, चार कामं जास्त होतात, एवढं नक्की. सगळ्यांत मोठा गुण येतो तो चालण्यानं. म्हणून फुप्फुसांच्या पुनर्वसनात डॉक्टर रोग्याला लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालवून अंतर मोजतात आणि पुढं ते वाढवत नेतात. दोन पावलांत श्वास घ्या, चार पावलांत सोडा. हंडा उचलताना, पायरी चढताना सोडा. इन्हेलर मात्र बंद करू नका. आणि थुंकीतून रक्त पडत असेल, फुप्फुसाला भोक पडून गेलं असेल किंवा नुकतीच डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर यंत्राला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दोन-तीन महिने दम लागतोय, खोकला हटत नाही, असं असेल तर नांदेड-लातूरला छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री करून घ्या. जोरात फुंकायला लावतात. पूर्ण फुंकरीतली 70 टक्के हवाही पहिल्या सेकंदात बाहेर आली नाही, तर नलिका अरुंद झाल्याची शंका घ्यायची. आणि घरात गॅस आलेला असूनही पाणी तापवायला, भाकरीला चूल पेटतच असेल, तर ती आधी घराबाहेर काढा.

तोवर एक करा. उंबऱ्यावर कुणी धापा टाकत टेकलं, तर “मोठा श्वास घ्या” म्हणू नका. शेजारी बसा, त्यांना हात गुडघ्यांवर टेकून थोडं पुढं वाकू द्या, आणि म्हणा, “आजी, फुंकणीवाणी सोडा. सावकाश.”