मदत कोणाच्या खात्यात गेली?

महामारीच्या दिवसांत सरकारने शेतकऱ्याला काय दिले, हे पाहू जाता २६ मार्च २०२० कडे वळावे लागते. देशव्यापी टाळेबंदीचा तो दुसराच दिवस. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्या दिवशी १ लाख ७० हजार कोटी रुपयांची साहाय्ययोजना जाहीर केली. तीत ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना प्रत्येकी २००० रुपये देण्याचे आश्वासन होते. हे २००० रुपये मात्र नवे नव्हते. २०१९ साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीतील वार्षिक ६००० रुपयांचाच तो एक हप्ता होय. बाजार बंद पडून माल शेतातच राहिला असता तो लवकर मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु द्यावयाचेच होते ते वेळेवर देणे यास साहाय्य म्हणावयाचे काय?

याहून गंभीर गोष्ट पुढे उघड झाली. माहितीच्या अधिकाराखाली एका कार्यकर्त्याने विचारणा केली, तेव्हा २०२१ च्या जानेवारीत कळले की, जुलै २०२० पर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींना या निधीतून १३६४ कोटी रुपये दिले गेले होते. त्यांतील सुमारे २ लाख ८६ हजार महाराष्ट्रातील! पंजाब व आसाम यांच्या मागोमाग आमचा क्रमांक. तमिळनाडूत अधिकाऱ्यांचे परवलीचे शब्द दलालांच्या हाती गेले आणि सुमारे ११० कोटी रुपये भलतीकडे वळले; तो उघड फौजदारी मामला होता. पण देशभरच्या अपात्रांत निम्म्याहून अधिक होते ते प्राप्तिकर भरणारे. सातबाऱ्यावर वडिलोपार्जित नाव, राहणे शहरात, आणि आपण पात्र असल्याचे घोषणापत्र स्वतःच्या सहीचे! हे लोक आमच्या वाचकांना अगदीच अपरिचित असतील, असे आम्हांस वाटत नाही. तहसीलदारांच्या नोटिसा आल्यावर कित्येकांनी पैसे परत केले. त्यांना आधी कोणी विचारलेच नव्हते, ही त्यांची तक्रार आम्ही ग्राह्य मानीत नाही.

याच्या उलट, खंडाने दुसऱ्याची जमीन कसणारा. सातबाऱ्यावर त्याचे नाव मालक म्हणून नाही, म्हणून त्याला एक पैही नाही. टाळेबंदीत भाजीपाला त्याचाच सडला.

गावनिहाय यादी संकेतस्थळावर आहे, असे उत्तर मिळेल. आहे हे खरे. परंतु त्या यादीतील कोण प्राप्तिकर भरतो, कोण नांगरामागे चालतो, हे दिल्लीच्या यंत्राला उशिरा कळते. गावाला आधीपासून ठाऊक असते. माहिती अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम तर अनुदानाच्या लाभार्थींचा तपशील न मागता प्रसिद्ध करण्याचे बंधनच घालते. २०१७ च्या कर्जमाफीत अर्जदारांच्या याद्यांचे चावडीवाचन झाले होते. तेव्हा जे साधले, ते येथे का साधू नये?

२०२३ पासून राज्यानेही आपल्या ६००० रुपयांची जोड दिली आहे, आणि तीही याच यादीच्या आधारे. म्हणजे एक चुकीचे नाव आता दोनदा पैसे घेते. पुढील हप्त्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी ही यादी प्रत्येक चावडीवर वाचून घ्यावी. शेजारी दुसरीही लावावी, वगळलेल्यांची, कारणांसह. आणि अपात्रांकडून वसूल किती झाले, तो आकडा तालुकावार प्रसिद्ध करावा.