‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ म्हटल्यावर जायचं कुठे?

सोमवारी आमच्या मेडिसिन ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका सोमवारी चाळिशीतली एक बाई नवऱ्याबरोबर आली. हातात साड्यांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत आठ महिन्यांचे कागद. ईसीजी चार वेळा काढलेला, टूडी इको एकदा, थायरॉइड, बी-१२, पोटाची सोनोग्राफी. सगळं व्यवस्थित. नवरा वैतागलेला होता. म्हणाला, ‘‘साहेब, जिथं जावं तिथं पैसा गेला. समदे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल. मंग हिला व्हतंय काय?’’ बाई खाली मान घालून बसली होती. ‘‘ताई, तुम्हीच सांगा,’’ म्हटल्यावर हळूच बोलली, ‘‘रातच्याला छातीत धडधड होते. वाटतं, आता मरतेच. झोप तर लई दिवस झाले, लागतच नाही.’’

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशा रुग्णाला मी एकच वाक्य सांगत असे : ‘‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.’’ बरोबर झोपेची एक गोळी लिहून देत असे. रुग्णाला मात्र हे नीट कळायचं, की डॉक्टरांच्या मते आपण ढोंग करतो आहोत. मग तो पुढचा दवाखाना गाठायचा, नाहीतर देवऋषी.

पुढे मी थोडा शहाणा झालो आणि केसपेपरवर ‘मनोविकार विभागाकडे पाठवावे’ असं लिहू लागलो. माझं काम झालं, असं मला वाटायचं. एकदा पोटदुखीची तक्रार घेऊन वर्षभर येणाऱ्या एका शेतकऱ्याला मी असंच पाठवलं. त्यानंतर तो आलाच नाही. तीन महिन्यांनी मी रात्रपाळीला असताना त्याला अपघात विभागात आणलं, ते जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला म्हणून. आठवडाभर अतिदक्षता विभागात काढून तो वाचला. बोलता येऊ लागल्यावर मी विचारलं, ‘‘दादा, मी पाठवलं होतं तिकडे गेला नव्हतात का?’’ तो म्हणाला, ‘‘गेलतो की सर. दारापर्यंत गेलतो. बाकड्यावर आमच्या गावातला माणूस बसला होता. तसाच माघारी फिरलो.’’

त्या वेळी आमचा मनोविकार विभाग जुन्या इमारतीच्या टोकाला होता. तिथे दुसरा कुठलाच विभाग नव्हता. म्हणजे त्या वाटेने जाणारा माणूस कुठे चाललाय, हे साऱ्या आवाराला कळायचं. कागदावर पत्ता लिहून दिला की रुग्ण पोचतो, हा माझा समज त्या दिवशी संपला.

हे एका रुग्णालयापुरतं नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपली गत फार निराळी असेल, असं माझी ओपीडी तरी सांगत नाही.

तर जायचं कुणाकडे? लोकांचा पहिला गोंधळ नावांचा असतो. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो. तो निदान करतो, औषधं देतो, गरज पडल्यास दाखल करून घेतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा मानसशास्त्र शिकलेला तज्ज्ञ. तो चाचण्या घेतो आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतो. गोळ्या लिहून देत नाही. मनोविकार समाजकार्यकर्ते घरची घडी, नोकरी, सरकारी योजना, नातेवाइकांची समजूत अशी बाजू सांभाळतात. आणि समुपदेशक हा शब्द सगळ्यांत सैल. मानसशास्त्रात एमए करून अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली काही वर्षं काम केलेला माणूसही समुपदेशक, आणि शनिवार-रविवारचा वर्ग करून प्रमाणपत्र भिंतीला लावलेलाही समुपदेशकच.

म्हणून विचारायला लाजू नका. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. महाराष्ट्रात ती नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. तो क्रमांक मागता येतो. समुपदेशकांसह इतर आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा कायदा झाला आहे. तरी आजच्या घडीला दारावरची पाटी वाचून थांबू नये. शिक्षण काय, कुठे काम केलं, अशा त्रासाचे रुग्ण पाहिले आहेत का, एका भेटीचे पैसे किती आणि साधारण किती भेटी लागतील, एवढं फोनवरच विचारावं. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ‘तीन बैठकांत पूर्ण बरं करतो’ म्हणणारा, तुमच्या चालू गोळ्या परस्पर बंद करायला सांगणारा किंवा सत्राच्या शेवटी अंगारा, खडे, पत्रिका काढणारा भेटला, तर चप्पल घालून बाहेर पडावं.

आधी मनोविकारतज्ज्ञ की आधी समुपदेशक, हाही नेहमीचा प्रश्न. घरातला मृत्यू, नवरा-बायकोतला ताण, परीक्षेची भीती, नोकरी गेल्याचा धक्का अशा वेळी समुपदेशकाकडे सुरुवात करायला हरकत नाही. पण रात्र-रात्र झोप नाही, जेवण तुटलंय, कानात आवाज येतात, घरच्यांवरच संशय येतो, बाळंतपणानंतर बाई बाळाकडे बघेनाशी झाली आहे, किंवा ‘जगून काय करायचंय’ अशी भाषा ऐकू येते, तर सरळ मनोविकारतज्ज्ञाकडे जावं, आणि त्याच दिवशी. इथे फिजिशियन म्हणून एक भर घालतो. सत्तरीतले आजोबा कालपर्यंत नीट होते आणि आज अचानक बरळू लागले, माणसं ओळखेनात, तर ते बहुधा मनाचं दुखणं नसतं. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर घसरणं, असं काहीतरी असतं. त्यांना तातडीने रुग्णालयात आणा. उलट, थायरॉइड मंदावल्याने किंवा बी-१२ कमी पडल्यानेही उदास वाटू शकतं. म्हणून त्या तपासण्या एकदा कराव्यात. आठ महिन्यांत चार वेळा करायची गरज नसते.

आता जागा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, वैद्यकीय महाविद्यालयात स्वतंत्र विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं सगळ्यांना ठाऊक असतात आणि म्हणूनच लोक घाबरतात. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना तिथे जावंच लागत नाही. गोव्यातल्या वाचकांसाठी बांबोळीची सरकारी संस्था आहे. फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. देशात तो १९९६ पासून सुरू आहे. त्यातलं पथक, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका, ठरलेल्या वारी तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येतं. तो वार कोणता, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा गावच्या आशाताईंना विचारा. शेतकरी आत्महत्यांची झळ बसलेल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्पाखाली आशाताईंना हे काम शिकवलेलं आहे. दारूचं व्यसन असेल तर वेगळी व्यवस्था पाहावी. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून तेच करतं आहे.

सगळीकडे ही पदं भरलेली असतात असं मात्र समजू नका. पथक आहे पण मानसशास्त्रज्ञाची जागा रिकामी, असं मी अनेकदा पाहिलं आहे. आणि सरकारी ओपीडीत मनोविकारतज्ज्ञासमोर ऐंशी रुग्ण असतील, तर सिनेमात दाखवतात तसा पाऊण तास तुम्हाला मिळणार नाही. पहिल्या भेटीला दहा मिनिटं मिळतील. त्या दहा मिनिटांची तयारी घरूनच करून यावं : त्रास केव्हापासून, झोप किती, जेवण कसं, कोणत्या गोळ्या चालू, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. एका वहीच्या पानावर लिहून आणलं तर डॉक्टर तुमचे आभार मानतील. सविस्तर बोलायला समाजकार्यकर्त्याची किंवा मानसशास्त्रज्ञाची वेगळी वेळ मागून घ्यावी.

तोवर काय? १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. गावातला माणूस बाकड्यावर बसलेला असण्याची भीती तिथे नसते.

भाषेवरून आठवलं. मोबाइलवरच्या ॲपमधून समुपदेशन घेणारी तरुण मुलंही आता आमच्याकडे येतात. काहींना त्याचा उपयोग झालेला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बांधावरून चुलत्याशी बोलणं तुटलंय, त्यामुळे बहिणीचं लग्न अडलंय आणि वडील जेवत नाहीत, हे दुखणं इंग्रजीत सांगायचं कसं? ‘जीव घाबरतो’, ‘मन लागत नाही’, ‘काळजात धस्स होतं’ या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत, हे समोरच्याला कळायला हवं. पैसे देणारच असाल, तर आपली भाषा बोलणारा माणूस शोधावा.

गोळ्यांविषयी लोकांची भीती ठरलेली : सवय लागेल. नैराश्यावर आणि चिंतेवर दीर्घकाळ दिली जाणारी औषधं झोपेच्या गोळ्या नसतात आणि त्यांची नशा किंवा चटक लागत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही ती डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, आणि त्या बहुतेक वेळा मनोविकारतज्ज्ञाने सुरू केलेल्या नसतात. आम्ही फिजिशियन आणि जनरल प्रॅक्टिशनर त्या लिहून देतो, मग मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून वर्षानुवर्षं देत राहतो. हे आमच्या बिरादरीचं पाप आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधल्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तुमच्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच स्थान द्यावं लागतं; मात्र अनेक पॉलिसींत फक्त रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च मिळतो, समुपदेशनाच्या भेटींचा नाही, तेव्हा कागद वाचून घ्या. आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा गृहीत धरतो, त्याला शिक्षा करत नाही. काही कुटुंबं खटल्याच्या भीतीने आमच्याशी खोटं बोलतात आणि त्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो.

त्या सोमवारच्या बाईंना मी केसपेपरवर नुसतं लिहून पाठवलं नाही. शेतकऱ्याच्या प्रसंगानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मागे लागून आम्ही मनोविकार ओपीडी मुख्य इमारतीत, रक्तदाब-मधुमेहाच्या खोलीशेजारी आणली आहे. बाक एकच, त्यामुळे कोण कशासाठी बसलंय ते कळत नाही. मी त्यांच्या नवऱ्याला म्हणालो, ‘‘दादा, हृदय उत्तम आहे. पण धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रणा बिघडली आहे, धोका नसताना वाजते. ती दुरुस्त करणारे माझे सहकारी शेजारीच बसतात. चला, मी येतो.’’ तो म्हणाला, ‘‘म्हंजी येड्याचा डॉक्टर का?’’ मी म्हटलं, ‘‘झोपेचा आणि धडधडीचा डॉक्टर.’’ अर्धसत्य होतं. पण वीस पावलं चालायला पुरलं.

निदान झालं तीव्र भीतीचे झटके आणि त्यामागचं नैराश्य. त्यांची आई वर्षापूर्वी गेली होती आणि तिच्या शेवटच्या दिवसांत माहेरी जायला मिळालं नव्हतं. हे पिशवीतल्या एकाही कागदावर नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, समाजकार्यकर्त्या ताईंबरोबर बोलणं सुरू झालं. नवऱ्यालाही दोनदा बसवून घेतलं. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून झोप लागू लागली. झटके अजून येतात, पण आले तरी मरणार नाही हे त्यांना आता माहीत आहे. पुढच्या भेटी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठेवल्या, कारण एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी जिल्ह्याला यायचं म्हणजे एक मजुरी बुडते.

गेल्या महिन्यात त्या रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, ‘‘साहेब, ती गाडी आमच्याकडं गुरुवारी येती. मंगळवारी नाही का येणार? मंगळवारी बाजार असतो. बाजाराला बाई निघाली, की कुठं चालली म्हणून कोणी इचारत नाही.’’

मी ते मनोविकार विभागाच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तालुक्या-तालुक्यांच्या आठवडी बाजारांची यादी मागवली आहे.