पाळणाघराच्या दाराशी

रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारात तरुण मातांची बोलणी कानी पडतात. त्यांत एक प्रश्न हटकून येतो: कामावर जाताना मूल कोठे ठेवावे? घरोघरी आजी असण्याचे दिवस सरले. पाळणाघर ही आता गरज झाली आहे. तरीही तेथे काय चालते हे विचारण्याचा संकोच आम्हांस उमगत नाही. बाजारात आपण वांगे उलटून पाहतो, आणि मूल मात्र अनोळखी हाती देऊन बसथांब्याकडे धावतो!

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे दहा महिन्यांच्या बाळाला पाळणाघरात सांभाळणाऱ्या बाईनेच मारहाण केली. भिंतीवरच्या कॅमेऱ्याने ते सारे टिपले होते. लोक हळहळले. आमच्या मनात मात्र निराळेच सलत राहिले. कॅमेरा होता, चालूही होता. वेळेवर त्यात पाहणारे कोणी नव्हते. त्याचा उपयोग झाला तो पुढे पोलिसांना.

कायदा कडक आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे, मुले सांभाळणाऱ्या संस्थेतील नोकराने वा चालकाने मुलाशी क्रूरपणा केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराची शंका आल्यास पोलिसांस कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचे असे कृत्य संस्थाप्रमुखाने दडपले, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'संस्थेचे नाव जाईल' ही सबब तेथे चालत नाही. हा धडा आपल्या ख्रिस्तसभेलाही उशिरा व फार मोल देऊन शिकावा लागला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये, अशा तक्रारी स्वीकारण्याची सोय प्रत्येक धर्मप्रांतात असलीच पाहिजे, असा आदेश काढला.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी व मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाता आले पाहिजे, अशी तरतूद २०१७ मध्ये झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण आपल्या पुष्कळ भगिनी लहान दुकानांत, दवाखान्यांत, परक्यांच्या घरी राबतात. त्यांची मुले गल्लीतल्या दोन खोल्यांच्या पाळणाघरात वाढतात. तेथे तपासनीस म्हणजे आईबापच.

म्हणून विचारावे. एका बाईकडे किती मुले? तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका, असे २०१८ ची सरकारी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आम्हांस तीही संख्या जास्त वाटते. नोकरांची पोलीस पडताळणी झाली का? पाण्याचे पिंप उघडे आहे काय? मूल नेण्यास कोणीही आला तरी देतात काय? मूल पडले, खरचटले, तर वहीत नोंद होते का? सांभाळणारीला पगार किती, हेही विचारावे. उपाशी व थकलेल्या बाईकडून मायेची अपेक्षा करणे आम्हांस पटत नाही. पाळणाघर धर्मभगिनींचे असले तरी हेच प्रश्न विचारावेत. त्यांना राग येणार नाही.

आणि कधीतरी भर दुपारी, न कळविता जावे. 'या वेळी येऊ नका' असे उत्तर मिळाले, तर त्याच दिवशी मूल घरी आणावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र विनामूल्य चालतो. तो दारामागे लिहून ठेवावा.