भातसाकाठचे माळकरी

मुंबईच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा फार मोठा हिस्सा ज्या जलाशयातून येतो, त्या भातसा धरणालगत वसलेल्या भातसानगरच्या आसपास, ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मुलखात, जन्मापासून शाकाहारी असलेली घरे थोडीच आढळतात. आगरी, कुणबी, महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी असा जो येथील बहुसंख्य समाज, त्याच्या परंपरेत मासळीला, कोंबडीला किंवा ओढ्याच्या खेकड्याला कोणताही मज्जाव नाही. २०१४ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ४० टक्के शाकाहारी नोंदले गेले. परंतु त्यांतील किती जणांनी तो आहार वारशाने घेतला आणि किती जणांनी विचारपूर्वक पत्करला, हे असल्या आकड्यांवरून कळत नाही. भातसेच्या काठी मात्र शाकाहारी मनुष्य भेटला, तर तो बहुधा जाणत्या वयात, स्वतःच्या निश्चयाने तसा झालेला असतो, आणि म्हणूनच त्याला कारण विचारण्यात काही अर्थ आहे.

हे कारण बहुतेक वेळा गळ्यातच दिसते. पंढरीच्या वारकऱ्याने तुळशीची माळ घातली की मद्य आणि मांस वर्ज्य, एकादशीचा उपवास आणि वारी हे नियम त्याच्यावर येतात. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तिच्यात तयार झालेल्या कीर्तनकारांनी हा आचार महाराष्ट्रभर दृढ केला, आणि ठाणे जिल्ह्याच्या कुणबी-आगरी गावांतही हरिनाम सप्ताहाच्या मंडपात बसल्या बसल्या कित्येकांनी माळ घालून घेतली. या निश्चयामागे केवळ भक्ती असते असे समजणे भाबडेपणाचे होईल. दारूने खिळखिळ्या झालेल्या प्रपंचाला सावरण्यासाठी माळ घालणारे अनेक असतात, आणि दारू सुटावी म्हणून तिच्या सोबतीचे मटणही सोडावे, हा हिशेब कोणत्याही वैद्याने मान्य करावा असा आहे.

या व्रताची खरी कसोटी ज्येष्ठ-आषाढात लागते. पहिल्या मोठ्या पावसाने ओढे फुगले की मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत येतात, त्या वलगणीसाठी सारे गाव रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडते, आणि बिनपैशाची, ताजी मासळी घरोघर शिजू लागते. त्या रात्री शेजारच्या चुलीचा वास सोसून जो वरण-भात जेवतो, त्याच्या शाकाहाराला मी शहरी शाकाहारापेक्षा वरचे स्थान देतो. लंडनमध्ये विद्यार्थी असताना हेन्री सॉल्टची पुस्तिका वाचून ज्यांनी शाकाहार विचाराने स्वीकारला, त्या गांधीजींनी २० नोव्हेंबर १९३१ रोजी तेथील शाकाहारी मंडळापुढे बोलताना व्रत टिकण्याच्या मुद्द्यावर भर दिला होता: प्रकृतीसाठी मांस सोडणारा प्रकृतीसाठीच पुन्हा ते धरतो, तेव्हा व्रताला नैतिक अधिष्ठान हवे. माळ खुंटीला टांगून जेवायला बसणाऱ्यांचे किस्से या भागातही मिटक्या मारीत सांगितले जातात, यावरून तो मुद्दा किती व्यावहारिक होता हे ध्यानात यावे.

मांस सोडलेल्या माणसाची पावसाळ्यात आबाळ होत असेल, अशी ज्याची समजूत असेल, त्याने त्या दिवसांत शहापूरच्या बाजारात एक फेरी मारावी. ठाकूर आणि कातकरी बाया जंगलातून जे टोपल्या भरून आणतात, त्यात उन्हाळा सरता सरता कोरल येते, पहिल्या सरींबरोबर शेवळे येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी अशी रीघ लागते. शेवळ म्हणजे सुरणाच्या कुळातील रानटी कंदाचा कोंब. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे घशाला भयंकर खाज सुटते, म्हणून काकड नावाच्या आंबट रानफळांचा रस त्यात घालावा लागतो, आणि हे दोन्ही जिन्नस विकणारी बाई ते एकत्रच विकते. (कायस्थ प्रभूंच्या घरी याच शेवळात कोलंबी पडते, आणि ती भाजी आणणारी कातकरीणही मांसाहारीच असते, रानभाजीला कोणताही पंथ नाही.) भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर येणारा वाल तर या मुलखाचा आधारच, मोड आणून सोललेल्या बिरड्याची उसळ आणि भात एकत्र जेवले की एकातील प्रथिनांची उणीव दुसऱ्याने भरून निघते. शंभर ग्रॅम नागलीत, म्हणजे नाचणीत, सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. एक गोष्ट मात्र कोणतीही वनस्पती देत नाही, ती म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ज्या माळकऱ्याच्या गोठ्यात दुभते जनावर उरलेले नाही आणि ताकही ज्याच्या ताटात क्वचितच येते, त्याने हातापायांच्या मुंग्यांना वार्धक्य न समजता दवाखाना गाठावा.

अलीकडे पर्यावरणाचे कारणही पुढे केले जाते. पशुपालनातून होणारे उष्णतावर्धक वायूंचे उत्सर्जन मानवी उत्सर्जनाच्या १४.५ टक्के आहे, असा अंदाज जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये दिला. परंतु उकिरड्यावर दाणे टिपणारी चार कोंबडी किंवा ओढ्यातली चिंबोरी या हिशेबात कोठे बसते? तो हिशेब लागू पडलाच तर कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेडना पडतो, आणि तेथे रोगाचा प्रश्नही असतो. शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे शंभर पक्षी बर्ड फ्लूने दगावले आणि एक किलोमीटरच्या परिघातील सुमारे २५,००० पक्षी सरकारी हुकमाने मारण्यात आले. एवढी जिवंत शिबंदी शेडांत कोंडून ठेवण्याच्या पद्धतीविषयी ज्याला त्यानंतर शंका आली, त्याची शंका मला माळेइतकीच सबळ वाटते.

राहता राहिला घरातील व्यवहार. बाप माळकरी, मुले खाणारी, अशा घरांत भांडी निराळी ठेवतात, पुष्कळदा चूलही परसात निराळी मांडतात, आणि गावदेवीच्या जत्रेत शेजारी बोकड देत असता माळकरी निमूटपणे नारळ देऊन येतो. त्यावरून तंटा झाल्याचे सहसा ऐकू येत नाही. हे सामंजस्य निभावण्याचा सारा भार मात्र घरातील बाईवर पडतो. नवऱ्याचे पिठले आत आणि मुलांचे कालवण बाहेर, असा दोन चुलींचा कारभार ती वर्षानुवर्षे सांभाळते. तिची स्वतःची इच्छा माळ घालण्याची आहे की वलगणीची मासळी खाण्याची, हे तिला कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.