अर्जुनेचा गाळ, जांभ्याची माती

राजापूरच्या मुलांना वर म्हणजे घाट आणि खाली म्हणजे खाडी. जाड पुठ्ठा देऊन ‘आपला मुलूख करा’ म्हटले की अणुस्कुरा वरच्या कडेला जातो, जैतापूर तळाशी येते. पुस्तकात उत्तर वर असते, इथे पूर्व! म्हणून खोडरबर काढू नये. सिसिलीच्या रॉजर राजासाठी अल-इद्रीसी यांनी ११५४ साली पुरा केलेल्या जगाच्या नकाशात दक्षिण वर होती. कोपऱ्यात दिशेचा बाण काढला की झाले.

सामान विकत आणू नका. सड्यावरचा जांभा कुटून चाळला की तांबडा रंग तयार. लाखो पावसाळ्यांनी दगडातले बाकीचे धुऊन नेले, लोह उरले, त्याचाच हा रंग, हे कुटताना सांगितले तर मूल विसरत नाही. डोंगराला नारळाचा काथ्या आणि कागदाचा लगदा, शेताला भाताचे तूस, नदीला शिंप्याकडची निळी कात्रणे. काजूची कच्ची टरफले मात्र नकोत, त्यांच्या तेलाने कातडी भाजते. सजीवांची चित्रे काही घरांत नको असतात; देखाव्याला हरकत घेणारे घर आम्हाला अजून भेटलेले नाही.

खरा अभ्यास नदीपाशी सुरू होतो. कोदवली अर्जुनेला शहरातच मिळते, हे चिकटवताना मुलाच्या लक्षात येते की दोन पट्ट्यांचे पाणी एकाच अरुंद पट्टीत मावायचे आहे. मग विचारते, जवाहर चौकात पाणी का चढते? पूर्वी गलबते शहराच्या जवळ येत. १६६१ साली शिवाजी महाराजांनी इथली इंग्रजांची वखार लुटली, ती या बंदरी व्यापारातूनच उभी राहिलेली. पुढे गाळाने खाडी उथळ झाली. हा गाळ मुलांनी किनाऱ्यावरून आणून, वाळवून पात्रात थापावा. दोन थर दिले की निळे कात्रण वर उचलले जाते आणि चौकाला टेकते. आम्ही मोठ्यांनी दर पावसाळ्यात दुकानातला माल माळ्यावर चढवला, पण हे कारण इतके सोपे करून मुलांना कधी दाखवले नाही.

आपल्याकडे कित्येकांचे अब्बा आखातात आहेत. मुलाला दुबईचे मनोरे ओळखता येतात, अर्जुनेचे वळण नाही. फोनवर पुठ्ठा दाखवला की तिकडून पहिला प्रश्न येतो, ‘आपले घर कुठे लावलेस?’ त्याआधी दादीला विचारून पुराची रेघ मारून घ्यावी. कोणत्या साली पाणी कितव्या पायरीला लागले, ते तिला तोंडपाठ असते.