पूल नसलेल्या नदीचा फोटो

अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी नावाचे शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात एक जुना फोटो जपून ठेवला आहे. तो कागदावर नाही, आठ पत्र्यांवर आहे. २४ सप्टेंबर १८४८ रोजी चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर या छायाचित्रकारांनी नदीपलीकडच्या न्यूपोर्ट गावात एका छपरावर कॅमेरा मांडला. एक फोटो घ्यायचा, कॅमेरा थोडा वळवायचा, पुढचा घ्यायचा. असे आठ पत्रे शेजारी शेजारी ठेवले की सुमारे दोन मैलांचा नदीकाठ सलग दिसतो.

तेव्हा फिल्म नव्हती. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून आयोडिनच्या वाफेवर धरीत, फोटो घेतल्यावर पाऱ्याच्या वाफेवर. वाफ विषारी, पण चित्राचे कण इतके बारीक की आजच्या कॅमेऱ्यांनीही मान खाली घालावी. या शतकात रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी हे पत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चर्चच्या मनोऱ्यावरचे घड्याळ पत्र्यावर जेमतेम एक मिलिमीटर, तिळाहून लहान. तरी काटे दिसले! दुपारचे दोन वाजत आले होते. खिडक्यांचे पडदे दिसले, गाड्यांच्या चाकांचे आरे दिसले. फोटोची तारीखसुद्धा काठाला लागलेल्या आगबोटींवरून ठरली.

एवढे सगळे दिसते, पण वाचकहो, नदीवर पूल दिसत नाही. तो तेव्हा नव्हताच.

कॅमेरा जिथे उभा होता तो केंटकीचा काठ. तिथे माणसे विकत घेतली जात. समोरच्या ओहायो राज्यात गुलामगिरीला बंदी होती. तिथेही कृष्णवर्णीयांना जाचक कायदे होते, पण निदान लिलाव नव्हता. म्हणजे त्या आठ पत्र्यांवर जे दिसते, तेच शहर केंटकीच्या काठावरचा गुलाम रोज पाहत होता. मध्ये होते ते फक्त पाणी.

जानेवारी १८५६ मध्ये ते पाणी गोठले. मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई मुलाबाळांसह बर्फावरून चालत सिनसिनाटीत आली. पकडायला लोक आले तेव्हा, लेकरे पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून, तिने आपल्या लहान मुलीला स्वतःच्या हाताने मारले. कायद्याने तिला मालकाकडे परत पाठवले. हे लिहिताना हात अडखळतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात जॉन रोब्लिंग या अभियंत्याने पुलाचे काम सुरू केले. पूल झाला तर गुलाम पळून जातील, अशी धास्ती केंटकीच्या मालकांना होती. आधी पैसा अडला, मग यादवी युद्ध आले. डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १ डिसेंबर १८६६ रोजी पूल पायी जाणाऱ्यांसाठी खुला झाला. मधला गाळा १,०५७ फूट, त्या वेळी जगात सर्वांत लांब. त्यानंतर सात वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले.

रोब्लिंगचा पूल आजही वापरात आहे. न्यूपोर्टच्या काठावर उभे राहून सिनसिनाटीकडे तोंड केले की तो डाव्या हाताला येतो.