वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचे पदव्युत्तर प्रशिक्षण आणि मराठी भाषेचे स्थान

प्रस्तावना

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी तक्रार घरात प्रथम निघते तेव्हा तिला मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. बापही उशिराच बोलला होता, जिभेला वेखंड उगाळून लावावे, मुलगे मुलींपेक्षा उशिरा बोलतात. यांपैकी काही मुले खरोखरच पुढे आपोआप बोलू लागतात. काहींच्या बाबतीत मात्र श्रवणदोष, स्वमग्नता, बौद्धिक विकासातील मंदता अथवा केवळ भाषेपुरता मर्यादित असलेला विकासदोष हे कारण असते, आणि वाट पाहण्यात गेलेली वर्षे सहसा भरून निघत नाहीत. या दोन प्रकारच्या मुलांत वेळीच भेद करणे हे वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाचे, म्हणजेच व्यवहारातील 'स्पीच थेरपिस्ट'चे, काम होय. प्रस्तुत लेखात या व्यवसायाच्या प्रशिक्षणाचे स्वरूप थोडक्यात पाहून, त्यात रुग्णाच्या भाषेला, विशेषतः मराठीला, कोणते स्थान आहे याचा विचार केला आहे.

व्यवसायाची व्याप्ती

हा तज्ज्ञ केवळ तोतरेपणा घालवतो, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः त्याच्याकडे येणाऱ्यांत दुभंगलेल्या टाळूवर शस्त्रक्रिया झालेले बालक असते, आवाज बसलेली शिक्षिका असते, पक्षाघातानंतर शब्द हरवलेला प्रौढ असतो आणि कर्करोगामुळे स्वरयंत्र काढून टाकावे लागलेला वृद्धही असतो. घास व पाणी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून गिळण्याच्या क्रियेवर उपचार करणे हाही या शास्त्राचाच भाग आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समाविष्ट झालेल्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाची स्वतंत्र नोंद आहे. तथापि तेथील व्याख्या कायमस्वरूपी आणि शारीरिक अथवा मज्जासंस्थेशी निगडित कारणांपुरती आहे. उशिरा बोलणारी वा अडखळत बोलणारी बहुसंख्य मुले त्या व्याख्येत बसत नाहीत, मात्र उपचारांची गरज त्यांनाही असते.

प्रशिक्षणाची घडण

भारतात या शिक्षणाचा पाया 1960 च्या दशकात घातला गेला. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था 1965 मध्ये स्थापन झाली. मुंबईत महानगरपालिकेच्या नायर रुग्णालयात त्याच दशकात अभ्यासक्रम सुरू झाला. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 मधील. पुण्यात भारती विद्यापीठातही हे शिक्षण मिळते. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे आणि तज्ज्ञांची नोंदणी करण्याचे काम परिषदेकडे सोपवले.

बारावी विज्ञान शाखेनंतरची पदवी चार वर्षांची असून तिचे शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. या पदवीत श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषाशास्त्र ही दोन्ही शास्त्रे एकत्र शिकवली जातात. त्यानंतर दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थी यांपैकी एका शाखेची निवड करू शकतो. भारतात पदवीधरालाही नोंदणी करून व्यवसाय करता येतो. अमेरिकेत स्थिती निराळी आहे. तेथील व्यावसायिक संघटनेचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी पदव्युत्तर पदवी, 400 तासांचा चिकित्सालयीन अनुभव (त्यांपैकी 25 तास निरीक्षणाचे), राष्ट्रीय परीक्षा आणि त्यानंतर किमान 36 आठवड्यांची मार्गदर्शित सेवा आवश्यक असते. दोन पद्धतींत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न येथे गौण आहे. गरजूंच्या मानाने तज्ज्ञ अपुरे असलेल्या देशात पदवीधराला काम करू देणे व्यवहार्यच ठरते. मात्र त्यामुळे पदव्युत्तर शिक्षण ही प्रवेशाची अट न राहता सखोल निदानाची आणि संशोधनाची पायरी ठरते, आणि तिचे मूल्यमापन त्याच अपेक्षेने व्हावयास हवे.

स्वरयंत्राची रचना, मेंदूतील भाषाकेंद्रे, ध्वनीचे भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय ग्रंथातून शिकता येतात. खरे शिक्षण चिकित्सालयात होते. विद्यार्थी प्रथम एकतर्फी काचेमागून उपचार पाहतो. मग इतिवृत्त घेणे, जीभ, ओठ व टाळूची तपासणी करणे, मुलाच्या उच्चारांचे ध्वनिलेखन करणे ही कामे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करू लागतो. मराठी शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याला येथे एक अनुकूलता असते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हा क्रम त्याने बालपणीच पाठ केलेला असतो, आणि उच्चारस्थानांचे आधुनिक कोष्टक त्याला परके वाटत नाही.

भेद आणि दोष

हीच अनुकूलता पुढे फसवी ठरू शकते, कारण वर्णमाला म्हणजे उच्चार नव्हे. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी उच्चारताना 'ज' तालव्य असतो. 'शंभर वर्षे जग' असे म्हणताना तो दंततालव्य होतो. लिपीत दोहोंना चिन्ह एकच. 'त्याचा' आणि 'त्याची' या रूपांत प्रत्यय एकच असूनही 'च' चा उच्चार पालटतो. हिंदी अथवा इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून बनवलेल्या शब्दयादीत या ध्वनीला जागाच नसते. परिणामी मराठी मुलाचा एक महत्त्वाचा ध्वनी तपासणीतून निसटतो.

याहून बिकट प्रश्न बोलींचा आहे. वऱ्हाडात 'डोळा' चा 'डोया' होतो, 'केळी' ची 'केयी' होते. आगरी-कोळी बोलींत 'गाडी' ची 'गारी' होते. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणारे लोक तर महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. प्रमाण मराठीत वाढलेल्या प्रशिक्षणार्थीच्या नोंदवहीत हे सारे उच्चार 'एका ध्वनीच्या जागी दुसरा' या सदरात जाण्याची शक्यता असते, कारण बोबड्या बोलण्याची नोंदही त्याच सदरात होते. अकोल्याचे पाच वर्षांचे मूल 'डोया' म्हणत असेल आणि त्याची आई व आजीही तसेच म्हणत असतील, तर त्या उच्चारात सुधारण्यासारखे काही नाही. तेच मूल 'रस्ता' ला 'यस्ता' म्हणत असेल तर मात्र तपासणी पुढे न्यावी लागते, कारण 'र' चा 'य' त्या घरात कोणी करीत नाही. भेद आणि दोष यांतील सीमारेषा ठरवण्यासाठी मुलाइतकेच त्याच्या घराचे बोलणे ऐकावे लागते. ही सवय चिकित्सालयात लागली नाही, तर पाठ्यपुस्तकातून ती क्वचितच लागते.

चूक दोन्ही दिशांनी महागात पडते. बोलीला दोष ठरवले तर निरोगी मूल महिनोन्महिने उपचाराला येत राहते आणि आपल्या आईचे बोलणे अशुद्ध आहे एवढेच शिकते. उलट, 'खेड्यातले आहे, असेच बोलायचे' म्हणून खरा दोष सोडून दिला, तर तो शाळेत वाचन-लेखनाच्या अडचणींच्या रूपाने पुन्हा समोर येण्याचा संभव असतो.

व्याकरणाच्या बाबतीतही हेच घडते. इंग्रजी ग्रंथांत भाषाविकासदोषाचे महत्त्वाचे लक्षण म्हणून क्रियापदाचे काळदर्शक प्रत्यय गळण्याकडे लक्ष वेधलेले असते. मराठीची वळणे निराळी. येथे तीन लिंगे आहेत, प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते (घोडा, घोड्याला), आणि 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने चिंच खाल्ली' अशा वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. मराठी मुलाची भाषा नेमकी कोठे अडखळते हे पाहण्यासाठी मराठी व्याकरण माहीत असलेला तज्ज्ञ लागतो. अध्यापनाचे व परीक्षेचे माध्यम इंग्रजी असल्याने विद्यार्थी इंग्रजी वाक्यरचनेचे विश्लेषण सफाईने करतो, आणि संध्याकाळी ज्या मुलाशी मराठीत बोलावयाचे त्याच्या व्याकरणाविषयी मात्र दहावीतील आठवणीवर विसंबतो.

प्रौढ रुग्ण आणि अनेक भाषा

मुंबईतील एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याची घरची भाषा मालवणी, बाजारातील हिंदी, कचेरीतील इंग्रजी आणि वाचनाची मराठी असू शकते. पक्षाघातानंतर या साऱ्या भाषा सारख्याच प्रमाणात परत येतील असे नसते. कधी त्या बरोबरीने सुधारतात, कधी एकच पुढे जाते, आणि ती मातृभाषाच असेल असा नियम नाही. म्हणून प्रत्येक भाषेची स्वतंत्र तपासणी करून उपचाराची भाषा ठरवावी लागते. ती ठरवताना रुग्ण यापुढे दिवसभर कोणाशी बोलणार आहे, हा साधा प्रश्न मेंदूच्या छायाचित्राइतकाच उपयोगी पडतो.

पदव्युत्तर संशोधनाची दिशा

मराठीसाठी प्रमाणित चाचण्या तयार करण्याचे काम स्वाभाविकपणे पदव्युत्तर प्रबंधिकांकडे येते. कोणत्या वयात कोणता ध्वनी स्थिर होतो, कोणते प्रत्यय केव्हा अवगत होतात, याची आधारसामग्री शेकडो निरोगी मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित केल्याशिवाय मिळत नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एका विद्यार्थ्याला हे साधणे अवघड असते. तो आपल्या शहरातील थोड्या मुलांचा नमुना घेतो, प्रबंधिका सादर करतो आणि ती ग्रंथालयात राहते. पुढील वर्षीचा विद्यार्थी नवा विषय घेतो. एकच आराखडा ठरवून एका वर्षी नागपूर, दुसऱ्या वर्षी कोल्हापूर, तिसऱ्या वर्षी रत्नागिरी येथील मुलांची सामग्री गोळा केली, तर काही वर्षांत बोलींसह मराठीचे मापदंड हाती येऊ शकतील. त्यासाठी संस्थांनी परस्परांत विषय वाटून घेणे आणि भाषाशास्त्र व मराठी विभागांतील अध्यापकांना मार्गदर्शनात सहभागी करणे आवश्यक आहे. विषयाच्या नावीन्याचा आग्रह या कामात अडथळाच ठरतो.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने भाषाविकासातील विलंबाचा समावेश बालकांच्या तपासणीत केला, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या रचनेत वाचा-श्रवण तज्ज्ञाला स्थान दिले. त्यामुळे पूर्वी महानगरात येऊ न शकणारी मुले आता जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञासमोर येतात. नंदुरबारमध्ये ते मूल पावरी बोलणारे असते, गडचिरोलीत माडिया. तेथे मराठी चाचणीही परकीच ठरते. अशा वेळी प्रशिक्षित तज्ज्ञ चाचणी बाजूला ठेवतो, आईला मुलाशी नेहमीसारखे खेळू देतो, त्या दोघांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतो आणि ती भाषा जाणणाऱ्या अंगणवाडी सेविकेला जवळ बसवून एकेक वाक्य विचारतो: याच वयाची गावातली इतर मुले हे असेच म्हणतात का?